निकाल बजावणारा कोणी नसेल, तर आंतरराष्ट्रीय न्यायालयात जायचे कशासाठी?

अक्षांश

आंतरराष्ट्रीय कायद्याचा विषय निघाला की हल्ली बहुतेक चर्चा ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीपाशी येऊन थांबतात, आणि तसे म्हणणाऱ्यांजवळ पुराव्यांची कमतरता नाही. रशियाने युक्रेनमधील लष्करी कारवाई थांबवावी, असा अंतरिम आदेश हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 16 मार्च 2022 रोजी 13 विरुद्ध 2 मतांनी दिला, पण युद्ध थांबले नाही. दक्षिण चीन समुद्राच्या वादात लवादाने 12 जुलै 2016 रोजी फिलिपिन्सच्या बाजूने निवाडा दिला, तो चीनने मान्य केला नाही. जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर 2019 पासून ठप्प आहे, कारण त्यावरील नेमणुका अमेरिका होऊ देत नाही.

सुरक्षा परिषदेत नकाराधिकार असलेल्या पाच देशांपैकी न्यायालयाचे अनिवार्य अधिकारक्षेत्र, म्हणजे खटल्याला उभे राहण्याची आगाऊ संमती, आज फक्त ब्रिटनने स्वीकारलेले आहे. दिवाणी दाव्याचा हुकूमनामा हाती पडावा आणि तो बजावायला बेलिफच नसावा, तशी ही परिस्थिती आहे.

तरीही माझे मत असे आहे की, ज्याच्याकडे नकाराधिकार नाही पण ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा भारताला या न्यायालयांची गरज महासत्तांपेक्षा जास्त आहे, आणि म्हणूनच न आवडणारा निकाल पाळण्याची तयारीही आपण ठेवली पाहिजे. सदस्यांना हे पटते का? मत मांडताना शक्यतो एखादा प्रत्यक्ष खटला समोर ठेवावा, ही विनंती.

मांडवी

मग सुरुवात आपल्या घराजवळच्या खटल्यापासूनच करू. दादरा आणि नगर हवेली 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी मुक्त केली, त्यात संगीतकार सुधीर फडकेही होते, हे बहुतेकांना माहीत असते. त्यानंतर पोर्तुगालने भारताला हेगच्या न्यायालयात खेचले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. पोर्तुगाल 14 डिसेंबर 1955 रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि 22 डिसेंबरला त्याने दावा दाखल केला. दमणहून या मुलुखात जाण्यासाठी भारताच्या हद्दीतून वाट मिळणे हा आपला हक्क आहे आणि भारताने तो मोडला, असे त्याचे म्हणणे होते.

या खटल्यात पेशवाईचे कागद हेगपर्यंत पोहोचले. मराठ्यांनी 1779 च्या तहाने आणि पुढे 1783 व 1785 च्या सनदांनी आपल्याला या गावांचे सार्वभौमत्व दिले, असा पोर्तुगालचा दावा होता. न्यायालयाने तह वैध मानला, कारण मराठ्यांनी स्वतः तो बंधनकारक मानून पाळला होता. मात्र त्या कागदांनी पोर्तुगीजांना मिळाला तो केवळ वार्षिक 12,000 रुपयांच्या वसुलाचा सरंजाम, राज्य नव्हे, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. सार्वभौमत्व पुढे ब्रिटिशांच्या काळात, त्यांच्या मूक मान्यतेने आले, असे त्याने म्हटले. सव्वाशे वर्षांच्या वहिवाटीतून वाटेचा हक्क उत्पन्न होतो, पण तो खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यापुरताच. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना तो लागू नाही, असा निकाल 12 एप्रिल 1960 रोजी लागला. सैन्याबद्दलचा मुद्दा 8 विरुद्ध 7 अशा एका मताने सुटला. 1954 च्या तणावात वाट बंद करून भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, हे 9 विरुद्ध 6 मतांनी ठरले.

महत्त्वाची गोष्ट ही की भारताने या खटल्याकडे पाठ फिरवली नाही. अधिकारक्षेत्रावरच्या आपल्या आक्षेपांपैकी बरेचसे 1957 मध्ये फेटाळले गेले, तरी भारत न्यायालयात उभा राहिला. ॲटर्नी जनरल सेटलवाड यांनी बाजू मांडली आणि छागला भारताच्या वतीने तात्पुरते न्यायाधीश म्हणून बसले. तेव्हाचा भारत आजच्यापेक्षा कितीतरी दुर्बळ होता.

रेघोटी

मांडवी, ही माहिती मला नवीन आहे. निकाल लागला तेव्हा तिथे प्रत्यक्ष राज्यकारभार कोणाचा होता?

मांडवी

स्थानिकांच्या वरिष्ठ पंचायतीचा. भारतात विलीनीकरण ऑगस्ट 1961 मध्ये झाले, तोपर्यंत सात वर्षे ही व्यवस्था चालली. खटला चालू असेपर्यंत भारताने तो प्रदेश औपचारिकपणे आपल्यात सामील करून घेतला नाही, याची नोंद घ्यावी.

कातळशिल्प

मांडवी यांनी निम्मीच गोष्ट सांगितली आहे. त्या निकालानंतर वीस महिन्यांनी, 18 आणि 19 डिसेंबर 1961 रोजी, भारताने गोवा लष्करी कारवाईने मुक्त केला. सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव आणला. त्याच्या बाजूने सात मते पडली, विरोधात चार, आणि तो बारगळला तो केवळ सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे. गोव्याचा प्रश्न कायद्याने सुटला नाही. तो भूदलाने, नौदलाने आणि मॉस्कोच्या एका मताने सोडवला. मला त्याबद्दल यत्किंचितही खेद नाही, पण मग दुसऱ्याने तेच केले की आपण संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची कलमे का वाचून दाखवायची? ज्या देशाने स्वतःचा भूभाग अशा रीतीने मिळवला, त्याने न्यायालयांवर विसंबण्याचा उपदेश इतरांना करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मांडवी

कातळशिल्प, मतांचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मला मान्य नाही. गोव्याच्या वेळी कायदा एका जागी उभा नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 14 डिसेंबर 1960 रोजी वसाहती संपवण्याचा ठराव 1514 संमत केला होता. दुसऱ्याच दिवशीच्या ठराव 1542 ने गोव्यासह पोर्तुगालच्या ताब्यातील प्रदेश हे स्वशासन नसलेले प्रदेश आहेत असे नावे घेऊन जाहीर केले. गोवा हा आमच्या देशाचा एक प्रांत आहे, हा लिस्बनचा दावा जगाने त्या दिवशी नाकारला होता. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी सुरक्षा परिषदेत नेमका हाच आधार घेतला. ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या इतर तिघांमध्ये श्रीलंका, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) होते; नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांची बाजू कोणती, हे त्यावरून दिसते.

शिवाय पोर्तुगालने 31 डिसेंबर 1974 रोजी दिल्लीत सही करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. हुकूमशाही गेल्यावर नव्या सरकारने केलेला हा करार सैन्याच्या धाकाने झालेला नव्हता. भूभाग तेरा वर्षे आपल्या ताब्यात असतानाही आपल्याला तो करार हवा होता, कारण नुसता ताबा आणि जगाने मानलेला हक्क यांत फरक असतो.

तळटीप

मी वकिली करतो, म्हणून जाधव खटल्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. तो नेहमी एकतर मोठा विजय म्हणून सांगितला जातो किंवा निष्फळ खटाटोप म्हणून, आणि तो दोन्ही नाही.

कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने दिलेली फाशीची शिक्षा 10 एप्रिल 2017 रोजी जाहीर झाली. भारताने 8 मे रोजी हेगला धाव घेतली आणि दहा दिवसांत, 18 मे रोजी, फाशी रोखण्याचा अंतरिम आदेश मिळवला. अंतिम निकाल 17 जुलै 2019 रोजी 15 विरुद्ध 1 मताने आला. भारताचे वकील हरीश साळवे यांनी एक रुपया मानधन घेतले याची चर्चा खूप झाली, पण त्यांच्या युक्तिवादाचा पाया काय होता हे फार कमी ठिकाणी वाचायला मिळाले. भारताने हेरगिरीच्या आरोपाच्या खरे-खोटेपणात शिरण्याचे टाळले आणि 1963 च्या व्हिएन्ना करारातील कलम 36 वर बोट ठेवले. परदेशी नागरिकाला अटक झाली की त्याला त्याच्या देशाच्या वकिलातीशी संपर्काचा हक्क आहे हे विनाविलंब सांगायचे आणि तो संपर्क होऊ द्यायचा, एवढेच ते कलम म्हणते. हेरगिरीच्या आरोपीला हा हक्क नाही, हे पाकिस्तानचे म्हणणे न्यायालयाने फेटाळले.

शिक्षा रद्द करून सुटका करावी ही भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही. खटल्याचा परिणामकारक फेरविचार करा, एवढाच आदेश मिळाला. पाकिस्तानने सप्टेंबर 2019 मध्ये भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्याशी भेट घडवली, पुढे 2020 मध्ये अध्यादेश आणि 2021 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. ती भेट मोकळी नव्हती, ही भारताची तक्रार रास्तच आहे. पण ज्या माणसाची फाशी काही आठवड्यांत होऊ शकली असती, ती झाली नाही. बेलिफ नसलेल्या न्यायालयाने हे केले.

आता याच कलमाची दुसरी बाजू पाहा. अमेरिकेने 51 मेक्सिकन नागरिकांच्या बाबतीत हे कलम मोडले, असा निकाल याच न्यायालयाने 31 मार्च 2004 रोजी दिला होता. अमेरिकेने मार्च 2005 मध्ये त्या कराराच्या ज्या जोडपत्रामुळे खटला भरता येतो, त्यातूनच अंग काढून घेतले. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल देशांतर्गत न्यायालयांवर आपोआप बंधनकारक नाही असे ठरवले, आणि त्या 51 पैकी होसे मेडेयिन याला टेक्सासने 5 ऑगस्ट 2008 रोजी मृत्युदंड दिला. जाधव खटल्यात आपण ज्या निकालांचा आधार घेतला, त्यांत हा मेक्सिकोचा खटला होता. मेक्सिको तिथे गेलाच नसता, तर आपल्या हाती पूर्वाधार एकाने कमी असता.

कातळशिल्प

तळटीप यांचा प्रतिसाद वाचून माझेच मत पक्के होते. पाकिस्तानने निदान अंशतः ऐकले आणि अमेरिकेने ऐकले नाही, यातला फरक ताकदीचाच नाही का?

तळटीप

काही अंशी निश्चितच. पण अमेरिकेला त्या जोडपत्रातून बाहेर पडण्याची किंमतही मोजावी लागते : 1979 मध्ये तेहरानच्या वकिलातीतील ओलीस प्रकरणी ती स्वतः या न्यायालयात गेली, तेव्हा तिच्या आधारांपैकी एक हे जोडपत्र होते. उद्या तिच्या नागरिकाला कोणी वकिलातीशी बोलू दिले नाही, तर तिला तो रस्ता उपलब्ध नाही.

पंचगंगाकाठ

फाशी आणि युद्ध यांच्यामध्ये उसाचा विषय आणतो, पण तो धाग्याला धरून आहे. आमच्याकडे एफआरपी हा शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. कारखान्याने उसाला किमान किती दर द्यायचा हे केंद्र सरकार ठरवते, आणि ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे. (तो किती कारखाने पाळतात, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.) ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी 2019 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली की भारत उसाला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आधार देतो आणि साखरेच्या निर्यातीलाही अनुदान देतो. सरकार एक पैसाही खर्च करत नाही, दर तर कारखाना देतो, हे भारताचे म्हणणे होते. सरकारने किंमत बांधून दिली की तोच आधार झाला, मग पैसे कोणाच्या खिशातून जातात हे पाहायचे नाही, असे तंटा समितीने 14 डिसेंबर 2021 रोजी सांगितले आणि 2014-15 पासूनच्या पाच हंगामांत 10 टक्क्यांची मर्यादा ओलांडल्याचा निष्कर्ष काढला.

भारताने अपील केले, पण ऐकायला मंडळच नाही. निकाल तिथेच पडून आहे आणि आमचा दर चालू आहे. म्हणजे व्यवस्था मोडल्याचा आम्हाला फायदाच झाला, असे कोणी म्हणेल, आणि ऊस उत्पादक म्हणून मला तो निकाल लागू व्हायला नको आहे, हेही उघड सांगतो. पण ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण 50 टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा कोळंबी, कपडे आणि दागिने पाठवणारे व्यापारी कोणत्या दारात जाणार होते? तंटा समितीपुढे जिंकले असते, तरी अमेरिकेनेही त्याच बंद मंडळाकडे अपील करून निकाल अडकवला असता. पोलादावरच्या शुल्काबाबत तिने जानेवारी 2023 मध्ये हेच केले आहे. ज्या बंद दारामुळे आमचा ऊस वाचला, त्याच बंद दारामुळे कोकणातला कोळंबी निर्यातदार उघडा पडला.

खाडीपार

पंचगंगाकाठ, फार नेमके लिहिले आहे. एक जोड : युरोपीय संघ, चीन आणि ब्राझील यांनी आपापसात पर्यायी अपील व्यवस्था उभी केली आहे. भारत तिच्यात नाही. साखरेचा निकाल डोक्यावर असताना भारत तिथे का जात नाही, हे कळते. पण जुने मंडळ पूर्ववत होईल या आशेवर किती काळ राहायचे, याचाही विचार व्हायला हवा.

नीलसागर

मी मॉरिशसमध्ये राहतो. आमचे घराणे इथे पाच पिढ्यांपासून आहे, त्यामुळे लिहिण्यात कुठे इथल्या बोलीचा वास आला तर समजून घ्यावे.

निकालाला बेलिफ नसतो म्हणणाऱ्यांनी हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचा इतिहास पाहावा. मॉरिशसला 12 मार्च 1968 रोजी स्वातंत्र्य मिळाले, पण त्याआधी 1965 मध्येच ब्रिटनने ही बेटे आमच्यापासून तोडून वेगळी केली होती. त्यांतल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ उभारायचा म्हणून तिथल्या रहिवाशांना 1973 पर्यंत बाहेर काढण्यात आले. त्यांतले अनेक जण पोर्ट लुईच्या झोपड्यांत येऊन पडले. आमच्याकडे ना नौदल, ना नकाराधिकार. जून 2017 मध्ये आमसभेने हा प्रश्न हेगला सल्ल्यासाठी पाठवला, आणि 25 फेब्रुवारी 2019 रोजी 13 विरुद्ध 1 मताने सल्ला आला की वसाहतमुक्तीची प्रक्रिया कायदेशीररीत्या पूर्ण झालेलीच नाही आणि ब्रिटनने शक्य तितक्या लवकर तिथला कारभार सोडावा.

हा नुसता सल्ला होता, बंधनकारक निकालही नव्हता, आणि ब्रिटनने तेच उत्तर दिले. पण मे 2019 मध्ये आमसभेत 116 देश आमच्या बाजूने उभे राहिले आणि ब्रिटनसह फक्त सहा विरोधात. जानेवारी 2021 मध्ये सागरी न्यायाधिकरणाने मालदीवबरोबरच्या आमच्या वादात तोच सल्ला प्रमाण मानला. त्याच वर्षी जागतिक टपाल संघाने त्या बेटांच्या नावाने निघणारी ब्रिटिश तिकिटे नाकारली. शेवटी 22 मे 2025 रोजी ब्रिटनने बेटांवरील आमचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर सही केली. करारानुसार तळ 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने राहायचा आहे, मूळ रहिवाशांना विचारलेच नाही ही त्यांची तक्रार खरी आहे, आणि कराराला दोन्ही देशांत विरोधकही आहेत. तरी पन्नास वर्षे ‘चर्चा करण्यासारखे काही नाही’ म्हणणाऱ्या सरकारला टेबलापाशी आणले ते बारा-तेरा लाख वस्तीच्या देशाने, आणि त्याच्याकडे कायद्याखेरीज दुसरे साधन नव्हते.

अक्षांश

नीलसागर यांचा प्रतिसाद धाग्याच्या मुळाशी जाणारा आहे. त्याच 2017 मध्ये आणखी एक गोष्ट घडली. हेगच्या न्यायालयाच्या निवडणुकीत भारताच्या दलवीर भंडारी यांच्यासमोर ब्रिटनच्या ग्रीनवूड यांनी नोव्हेंबरमध्ये माघार घेतली आणि 1946 नंतर प्रथमच त्या न्यायालयात ब्रिटनचा न्यायाधीश उरला नाही. सुरक्षा परिषदेत बहुमत ब्रिटनकडे होते, आमसभेत आपल्याकडे. शेवटी आमसभा वरचढ ठरली. पुढे युक्रेनच्या अंतरिम आदेशाच्या वेळी आमसभेत तटस्थ राहणाऱ्या भारताच्या या न्यायाधीशांनी रशियाच्या विरोधात मत दिले. न्यायाधीश आपल्या सरकारचा प्रतिनिधी नसतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

कातळशिल्प

नीलसागर यांच्या देशाचा लढा न्याय्य आहे, हे मान्य करतो. पण प्रश्न भारताचा आहे, आणि भारताच्या वर्तनात सातत्य कुठे आहे? एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर सिंधू पाणीवाटप करार आपण स्थगित केला. त्या करारात एकतर्फी बाहेर पडण्याचे कलम नाही. लवाद न्यायालयाने जूनमध्ये आपले अधिकारक्षेत्र कायम असल्याचे सांगितले, तेव्हा भारताने ते न्यायालयच बेकायदा असल्याचे म्हटले. निरपराध पर्यटकांना मारणाऱ्यांना आसरा देणाऱ्या देशाला पाण्याची हमी का द्यायची, ही भावना माझीही आहे. मग नियम पाळण्याचे व्रत आपणच घ्यायचे, हा आग्रह का?

तळटीप

हा या धाग्यातला सर्वांत कठीण प्रश्न आहे. भारताची भूमिका अशी की, एकाच वादासाठी तटस्थ तज्ज्ञ आणि लवाद असे दोन मार्ग एकाच वेळी उघडणे हेच कराराविरुद्ध होते. ही भूमिका 2025 ची नाही. हल्ल्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे, आणि तिला कायदेशीर आधार आहे. स्थगितीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. ती जर दहशतवादाला दिलेले प्रत्युत्तर असेल, तर प्रतिकाराचेही नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात आहेत : तो तात्पुरता हवा, प्रमाणात हवा आणि समोरचा सुधारला की थांबणारा हवा. भारताने ही मांडणी खुलेपणाने आणि तपशीलवार करावी, असे मला वाटते. ब्रह्मपुत्रेच्या वरच्या अंगाला चीन बसलेला आहे, आणि त्याच्याशी आपला असा पाणीवाटप करारही नाही, हे विसरून चालणार नाही.

खाडीपार

कातळशिल्प, सातत्य नाही असे सरसकट म्हणता येणार नाही. बंगालच्या उपसागरातील सीमेच्या वादात लवादाने 7 जुलै 2014 रोजी वादग्रस्त 25,602 चौरस किलोमीटरपैकी सुमारे 19,467 बांगलादेशाला दिले. तीन चतुर्थांशाहून अधिक भाग गेला, समोरचा देश आपल्यापेक्षा कितीतरी लहान, तरीही भारताने निवाडा स्वीकारला. इटलीच्या नौसैनिकांनी केरळच्या किनाऱ्यापलीकडे दोन मच्छीमारांना गोळ्या घातल्या, त्या प्रकरणातही लवादाने 2020 मध्ये खटला चालवण्याचा अधिकार इटलीला दिला आणि नुकसानभरपाई भारताला. ते पचवणे सोपे नव्हते. इटलीकडून 10 कोटी रुपये आले आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथले खटले बंद केले. बांगलादेशाचा निवाडा पाळला म्हणूनच जून 2023 मध्ये फिलिपिन्सबरोबरच्या संयुक्त निवेदनात भारत चीनला 2016 चा निवाडा पाळण्यास सांगू शकला.

रेघोटी

मग सगळे वाद न्यायालयात नेण्याची तयारी भारत आधीच जाहीर का करत नाही?

तळटीप

जाहीर केलेली आहे, पण अपवादांसह. 1974 च्या घोषणेत राष्ट्रकुल देशांशी असलेले वाद वगळले होते. ऑगस्ट 1999 मध्ये कच्छजवळ पाकिस्तानचे नौदल विमान पाडले गेले, तेव्हा पाकिस्तानने भरलेला दावा जून 2000 मध्ये 14 विरुद्ध 2 मतांनी याच अपवादाच्या आधारे अधिकारक्षेत्राअभावी संपला. सप्टेंबर 2019 मध्ये, जाधव निकालानंतर दोनच महिन्यांनी, भारताने नवी घोषणा केली आणि हा अपवाद कायम ठेवला. बांगलादेशाचा सागरी वाद लवादापर्यंत गेला तो समुद्रविषयक करारामुळे, या घोषणेमुळे नव्हे.

अक्षांश यांच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर तिथे आहे. पाकिस्तान डोळ्यांसमोर ठेवून केलेला हा अपवाद श्रीलंका, मालदीव, बांगलादेश आणि मॉरिशस यांनाही दार बंद करतो. लष्करी कारवाया आणि सीमा यांसाठीचे अपवाद वेगळे आहेतच. ते ठेवून राष्ट्रकुलाचा अपवाद काढला, तर धोका मर्यादित राहील.

कातळशिल्प

लष्कराचा अपवाद नेमक्या कोणत्या शब्दांत आहे, ते कलमवार इथे टाकता येईल का? काश्मीर किंवा पाणी त्यातून निसटणार नाही, याची खात्री पटेपर्यंत मी राष्ट्रकुलाचा अपवाद काढण्याच्या विरोधातच राहीन.

तळटीप

उद्या संध्याकाळपर्यंत 2019 ची घोषणा मराठीत करून टाकतो. पाण्याच्या मुद्द्यावर तुमचा आक्षेप वाजवी आहे. तो वेगळ्या परिच्छेदात घेईन.